कोकणातले बेने इस्रायल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागच्या बाजारपेठेजवळ 'इस्रायल आळी' आहे. फिरायला आलेली माणसं ती पाटी वाचून थबकतात आणि मग प्रश्न सुरू होतात. अनेक वर्षं असे प्रश्न येत राहिले. काही पर्यटकांचे, काही शाळेच्या प्रकल्पासाठी, काही थेट "आमच्या आजीच्या शेजारी राहायचे ते लोक कोण होते?" असे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. बेने इस्रायल म्हणजे नेमके कोण?

कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. 'बेने इस्रायल' या हिब्रू शब्दांचा अर्थ 'इस्रायलची लेकरं'. इथला इस्रायल म्हणजे आजचा देश नव्हे, बायबलमधला याकोब. त्याचंच दुसरं नाव इस्रायल. देश १९४८ साली झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, हे नाव चालत आलं आहे. त्यामुळे "इस्रायलहून आलेले म्हणून इस्रायली" हा समज उलटा आहे. ही माणसं इथून तिकडे गेली.

२. ते कोकणात कधी आणि कसे आले?

समाजाची परंपरा अशी: अलिबागच्या उत्तरेला, किहीमच्या वाटेवर नवगाव आहे. त्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बाकीचे बुडाले. वाहून आलेली प्रेतं नवगावलाच पुरली. धर्मग्रंथ समुद्रात गेले. तोंडी उरलं ते 'शेमा इस्रायल' या प्रार्थनेचं एक वाक्य, आणि अंगवळणी पडलेल्या काही गोष्टी: शनिवारची विश्रांती, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यातले नियम. नवगावला ते दफनस्थान आजही दाखवतात. तिथे स्मारकही उभं आहे.

'कधी' याचं एकच उत्तर नाही. समाजातला एक जुना युक्तिवाद मला फार लक्षवेधी वाटतो. जुन्या बेने इस्रायलांना हनुका हा सण ठाऊक नव्हता. हा सण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या घटनांवरून पडला, म्हणजे पूर्वज त्याआधीच निघाले असावेत, असं ते म्हणत. दुसरी मतं बरीच नंतरचा काळ सांगतात. कागदावरचा पुरावा उशिराचा आहे. बाराव्या शतकाच्या शेवटी मायमोनिडीस या ज्यू पंडिताने एका पत्रात लिहिलं की हिंदुस्थानातल्या ज्यूंना शब्बाथ (शनिवारची विश्रांती) आणि सुंता यांखेरीज धर्मातलं काही माहीत नाही. हे वर्णन बेने इस्रायलांशी जुळतं, पण त्यात गावाचं नाव नाही. त्यांच्याबद्दलचा स्पष्ट उल्लेख सापडतो तो १७३८ सालच्या एका मिशनऱ्याच्या पत्रात.

३. 'शनवार तेली' हे नाव कुठून आलं?

धंदा तेलाचा आणि सुट्टी शनिवारची, म्हणून. बैलाचा लाकडी घाणा फिरवून तेल काढायचं आणि गावोगाव विकायचं, हे कोकणात त्यांचं मुख्य काम होतं. शुक्रवारी दिवस मावळला की घाणा थांबायचा, तो शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत. गावातल्या इतर जातींना त्यांच्या धर्माचं बाकी काही कळत नव्हतं, पण शनिवारी तेल मिळत नाही एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. गावाने नाव ठेवलं ते त्यावरून.

हे नाव हिणवण्यासाठी होतं का, असंही लोक विचारतात. तेल्याला गावाच्या उतरंडीत जे स्थान होतं ते यांनाही मिळालं, एवढं खरं. मात्र ज्यू म्हणून त्यांचा छळ झाल्याची आठवण त्यांच्याही परंपरेत नाही. सगळे तेलीच होते असंही नाही. काही शेती करत, काही सुतारकाम, आणि पुढे पुष्कळ जण पलटणीत गेले.

४. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावं ज्यू कशी? धर्मांतर झालं का?

नाही. गावावरून आडनाव ही कोकणची सर्वसाधारण रीत, आणि ही माणसं कोकणातली. नवगावकर, किहीमकर, चेऊलकर, पेझारकर, झिराडकर, अष्टमकर, वाकरुळकर, तळकर, राजपूरकर, शापूरकर अशी शंभराहून अधिक आडनावं आहेत. ती नकाशावर मांडली तर पनवेल-पेणपासून अलिबाग, चौल, रोहे, मुरूडमार्गे खाली श्रीवर्धनपर्यंतचा पट्टा डोळ्यांसमोर येतो. एकेका गावात मोजकीच घरं असायची. घाण्याला गिऱ्हाईक हवं, आणि एका गावाला तेली लागतात तरी किती? मला वाटतं, हा समाज एवढा विखरून राहण्याचं कारण धर्मापेक्षा पोटात शोधावं.

पहिली नावंही मराठी वळणाची झाली होती. शमुवेलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर जुन्या कागदांत 'समाजी हसाजी दिवेकर' म्हणून भेटतात (पाहा प्र. ९).

५. ग्रंथ हरवले, तर धर्म पुन्हा शिकवला कुणी?

परंपरेत नाव येतं डेव्हिड रहाबी यांचं. ते कोकणात आले, या लोकांच्या चालीरीती पाहून त्यांना शंका आली, आणि त्यांनी एक परीक्षा घेतली. बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवून रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. तोरा या ज्यू धर्मग्रंथाचा नियम तोच आहे. रहाबींची खात्री पटली. त्यांनी झिराड, राजपूर आणि शापूर इथल्या तीन घराण्यांतल्या माणसांना हिब्रू प्रार्थना शिकवल्या. या माणसांना 'काजी' म्हणत. लग्नं लावणं, सुंता करणं, तंटे सोडवणं ही कामं पुढे त्यांच्याच घराण्यांत राहिली.

रहाबी नेमके केव्हाचे, यावर मतभेद आहेत. समाजात त्यांना हजार वर्षांपूर्वीचे मानणारे आहेत. अठराव्या शतकात कोचीनला त्याच नावाचं मोठं व्यापारी घराणं होतं, आणि पुष्कळ अभ्यासक त्यांच्याकडे बोट दाखवतात. पुढे कोचीनच्या ज्यूंनी शिक्षक पाठवले. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळांमुळे बायबलचा जुना करार मराठीत वाचायला मिळाला. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकून आपलाच ज्यू धर्म पक्का करणारी माणसं, हा या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग.

६. घरी कोणती भाषा बोलतात?

मराठी. प्रार्थना हिब्रूत, बाकी सगळं मराठीत: भांडण, अंगाई, हिशोब. १८७४ साली पुण्यात छापलेला एक हगादा, म्हणजे पेसाह या ज्यू सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, हिब्रू आणि मराठी असा जोड आहे. त्यातल्या चित्रात बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका साडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कीर्तनंही रंगू लागली. मोशे, योसेफ, अब्राहाम यांची आख्यानं साक्या, दिंड्या, ओव्यांमध्ये.

७. 'दारफाळणी', 'बिरड्याचा सण' ही खरंच ज्यू सणांची नावं आहेत?

हो, आणि ती जपून ठेवण्यासारखी आहेत. हिब्रू नावं विसरली गेली, तेव्हा सणाच्या दिवशी घरात जे दिसे त्यावरून नाव पडलं.

वर्षारंभाचा रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण'. त्यानंतर थोड्याच दिवसांत नव्या धान्याची, नारळाच्या दुधातली खीर व्हायची, तो 'खिरीचा सण'. योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा कडक उपास. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारं लावून घेऊन घरात बसायचं, परक्याला शिवायचं नाही. म्हणून 'दारफाळणीचा सण'. दुसऱ्या दिवशी दारं उघडायची, एकमेकांकडे जायचं, गरिबाला द्यायचं, तो 'शिळा सण'. पुरीम आपल्या शिमग्याच्या सुमारास येतो, म्हणून 'होळीचा सण', आणि पुरणपोळीही ठरलेली. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या शोकाच्या उपासाला 'बिरड्याचा सण' म्हणत, कारण त्या दिवसांत मोड आलेल्या वालांचं बिरडं केळीच्या पानावर खायचं. ज्या घरात श्रावणी सोमवारी वालाचं बिरडं होतं तिथल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

सणांची हिब्रू नावं आता सगळ्यांना पाठ आहेत. जुनी मराठी नावं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली आहेत. तुमच्या ओळखीचं असं कुणी असेल तर त्यांना बोलतं करा आणि लिहून घ्या.

८. मलिदा म्हणजे काय? दर्ग्यात चढवतात तोच का?

नाव एकच, विधी वेगळा. बेने इस्रायलांचा मलिदा गोड पोह्यांचा: भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा. परातीत पोह्यांचा ढीग, भोवती फळं, कडेला एखादं सुवासिक फूल किंवा सब्जाची डहाळी. सगळे भोवती बसून एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांना आळवतात. मग एकेका फळावर त्याची हिब्रू आशीर्वचनं म्हणून वाटप होतं. लग्नाआधी, बाळ झाल्यावर, नवस फेडताना, नवं घर घेतल्यावर मलिदा होतोच. एलियाला इतकं जवळचं मानणं आणि त्याला पोह्यांचा नैवेद्य करणं ही बेने इस्रायलांची स्वतःची रीत. जगातल्या इतर ज्यूंमध्ये ती नाही.

लहानपणी शेजारच्या घरून मलिद्याची वाटी आली की ती रिकामी परत जायची नाही, त्यात आमच्याकडचं काहीतरी घालून जायची. त्यातला वेलचीचा वास आणि नारळाचा ओलेपणा आजही जिभेवर आहे.

अलिबागजवळ सागावला एक कातळ आहे. त्याला 'एलियाहू हन्नाबीचा टापा' म्हणतात. प्रेषिताचा रथ स्वर्गात जाताना इथे टेकला, त्याच्या खुणा दगडावर उमटल्या, अशी श्रद्धा आहे. इस्रायलला स्थायिक झालेली कुटुंबंही इथे नवस फेडायला येतात.

९. सिनेगॉगला 'मशीद' का म्हणायचे?

मूर्ती नसलेलं प्रार्थनाघर, कोकणातल्या सर्वसामान्य बोलीत त्याला असलेला शब्द तोच होता. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 'शाअर हारहामीम' १७९६ साली मांडवीत उभं राहिलं, ते 'जुनी मशीद'. मुंबईतल्या मशीद स्टेशनाचं नाव त्यावरून पडलं असं सांगतात. ज्या रस्त्यावर ते आहे त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव दिवेकरांवरून मिळालं. दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले आणि जिवंत परतले, तर सिनेगॉग बांधीन हा त्यांचा नवस होता.

पुण्यात मात्र लोकांनी 'देऊळ' हा शब्द वापरला. कॅम्पातलं लाल विटांचं ओहेल डेव्हिड रिक्षावाल्याला सांगायचं ते 'लाल देऊळ' म्हणूनच. पण ते बेने इस्रायलांनी बांधलेलं नाही (पाहा प्र. ११).

१०. खाण्यात काय वेगळं?

बाहेरून पाहिलं तर फारसं काही नाही: भात, मासे, नारळ, कोकम. नियम तीन मोठे. मासा खवल्यांचा हवा, त्यामुळे कोळंबी, खेकडे, तिसऱ्या बाद. बकरा-कोंबडी नियमाप्रमाणे कापलेली हवी. आणि मटण व दूधदुभतं एकत्र नाही. या तिसऱ्या नियमाचं कोकणात ओझं वाटत नाही, कारण रश्शाला दाटपणा नारळाच्या दुधानेच येतो. नव्याच्या सणाला चिकाचा हलवा होतो, तोही गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून. शब्बाथच्या आशीर्वादाला द्राक्षाची दारू लागते. ती कोकणात कुठून आणणार, म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करतात.

११. बगदादी ज्यू, कोचीनचे ज्यू आणि हे एकच का?

नाही. कोचीनचे ज्यू केरळचे, मल्याळम बोलणारे. बगदादी ज्यू अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इराक आणि आसपासच्या प्रदेशांतून व्यापारासाठी आले. ससून घराणं त्यांच्यातलं, आणि पुण्याचं लाल देऊळ त्यांचंच. ईशान्येकडचे बेने मेनाशे हा आणखी वेगळा समाज. बगदादींनी बेने इस्रायलांना बराच काळ बरोबरीचं मानलं नाही, हेही नमूद केलं पाहिजे. प्रार्थना, लग्न, दफन यांत अंतर ठेवलं गेलं.

या गल्लतीतून येणारा नेहमीचा प्रश्न: १९७१ च्या युद्धातले लेफ्टनंट जनरल जेकब बेने इस्रायल होते का? नाही, ते कोलकात्याच्या बगदादी घराण्यातले.

१२. समाजात 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता का?

होता. दोन्हीकडून ज्यू आईबापांचे ते 'गोरे', मिश्र संबंधातून आलेले ते 'काळे', अशी विभागणी होती आणि लग्नं आपापल्यात होत. आजूबाजूच्या जातिव्यवस्थेचं ते प्रतिबिंब होतं. शहरात आल्यावर आणि पुढे इस्रायलमध्ये हा भेद विरत गेला. बगदादींच्या वागण्याने दुखावलेल्या समाजात हाही भेद होता, हे लपवून काही साधत नाही.

१३. मग ते इस्रायलला का गेले? कुणी त्रास दिला का?

त्रास झाला नाही. १९५० च्या आसपास हा समाज वीस हजारांच्या घरात होता. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत बहुतेक कुटुंबं गेली. काहींना धर्माची ओढ होती. पुष्कळांना इंग्रज गेल्यावर रेल्वे, कस्टम, पलटण इथल्या नोकऱ्यांचं पुढे काय, ही धास्ती होती. आणि एक घर गेलं की पाठचं जातं, कारण सोयरीक जुळवायची कुणाशी आणि प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष आणायचे कुठून? गाव सोडण्याचा क्रम त्याआधीच सुरू झाला होता. कोकणातून मुंबई, मुंबईहून इस्रायलमधलं लोद, बीरशेबा, दिमोना, अश्दोद. आज भारतात सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आसपास असतील. त्यातले बहुसंख्य बेने इस्रायल, आणि तेही प्रामुख्याने मुंबई-ठाणे परिसरात.

१४. इस्रायलमध्ये त्यांना लगेच ज्यू म्हणून स्वीकारलं का?

देशाने नागरिक म्हणून स्वीकारलं. धर्मपीठाने मात्र अडवलं. १९६० च्या सुमारास काही रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, बेने इस्रायलांची इतर ज्यूंशी लग्नं लावेनात. पिढ्यान्‌पिढ्या तुमचे विवाह-घटस्फोट नियमाने झाले याला पुरावा काय, असं त्यांचं म्हणणं. १९६२ साली तर वंशावळ तपासण्याचे आदेश निघाले. ज्यांनी ग्रंथ हरवूनही शनिवार सोडला नाही, त्यांच्याकडे दाखला मागितला गेला. माणसं धरण्याला बसली, उपोषणं झाली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत.

तिथे त्यांनी मराठी टिकवली. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं, महाराष्ट्र दिन साजरा केला, आणि मलिदा तर कधीच थांबला नाही.

१५. डीएनए तपासणीत काय निघालं?

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासानुसार बेने इस्रायलांचे पूर्वज दोन्हीकडचे आहेत, मध्यपूर्वेतले ज्यूही आणि भारतीयही. त्यातून जहाज फुटल्याची गोष्ट सिद्ध होत नाही आणि खोटीही ठरत नाही.

१६. चित्पावनांचीही चौदा प्रेतांची कथा आहे. दोघे एकच होते का?

समुद्रातून वाहून आलेल्या चौदा प्रेतांना परशुरामाने जिवंत केलं, ही चित्पावनांची कथा आणि नवगावची कथा यांत साम्य आहे खरं. पण साम्य कथेचं आहे, नात्याचा पुरावा नाही. किनाऱ्यावरच्या लोकांच्या गोष्टी गलबत फुटण्यापासूनच सुरू होतात.

१७. अलिबाग हे नाव एका बेने इस्रायलावरून पडलं म्हणतात, खरं का?

अली नावाच्या श्रीमंत बेने इस्रायलाच्या इथे आंब्या-नारळाच्या बागा होत्या, 'अलीची बाग' ते अलिबाग, अशी आख्यायिका इथे सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी.

१८. माहीत असलेली नावं सांगाल?

कवी निस्सीम इझिकिएल. 'डेव्हिड' या एकाच नावाने ओळखले गेलेले चित्रपट अभिनेते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख आणि पद्मश्री. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा 'ई. मोझेस रोड' ज्यांच्या नावाचा, ते एलायजा मोझेस राजपूरकर १९३७ साली मुंबईचे महापौर होते. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना हे आडनाव ठाऊक असेल?

१९. आज काय पाहता येईल आणि कसं?

अलिबागचं 'मागेन आबोत' सिनेगॉग १८४८ चं, १९१० मध्ये नव्याने बांधलेलं. रेवदंड्याचं 'बेथ एल' १८४२ चं, पनवेलचं १८४९ चं, पेणचं 'बेथ हाएलोहिम' १८६३ चं, ठाण्याचं 'शाअर हाशामाइम' १८७९ चं. ही चालती प्रार्थनास्थळं आहेत, म्हणून आधी विचारून जा. शनिवारी आणि सणाला पाहुणे म्हणून जाऊ नका. डोकं झाका, फोटो परवानगीनेच. दार बंद असेल तर शेजारी चौकशी करा, पण किल्लीसाठी हट्ट धरू नका. ज्यांच्याकडे किल्ली असते ती माणसं वयस्कर आहेत.

२०. त्यांना अल्पसंख्याक दर्जा आहे का?

महाराष्ट्रात २०१६ पासून ज्यूंना आहे.

२१. आमच्या गावाबाहेर झाडीत हिब्रू अक्षरांच्या कबरी आहेत. काय करावं?

हा प्रश्न हल्ली वाढला आहे, कारण रायगडात जमिनींची खरेदी-विक्री जोरात आहे. पहिली गोष्ट, दगड हलवू नका. ज्यू रीतीत कबर कायमची असते. झाडी साफ करायची असेल तर हाताने करा, तारेच्या ब्रशने अक्षरं घासू नका, चुना लावू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा फोटो घ्या, झिजलेली अक्षरं तेव्हा वर उठतात. सात-बारावर दफनभूमीची नोंद आहे का ते तलाठ्याकडे पाहा, आणि जवळच्या सिनेगॉगला कळवा.

दगड नीट पाहा. हिब्रूच्या खाली बहुधा मराठी असतं: नाव, आडनाव, गाव. ते तुम्हाला वाचता येईल. उतरवून घ्या.